खेचराच्या मापाचं फाटक

खेचर मेलं ते ऐन अंजिरांच्या हंगामात. म्हातारं झालंच होतं. दात पडले होते, एका डोळ्यात फूल पडलं होतं, तरी पाठीवर खोगीर टाकलं की आपण होऊन टेकडीच्या वाटेला लागायचं. एका सकाळी गोठ्यात आडवं झालं ते उठलंच नाही. सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "या घरात न कुरकुरता काम करणारं एकच होतं, तेही गेलं." आणि हे बोलताना त्यांनी आपल्या नवऱ्याकडे असं पाहिलं, की कुणाला भलता अर्थ काढता येऊ नये.

त्यांचा नवरा म्हणजे मिस्त्री. जन्मभर दगडी भिंती रचल्या म्हणून सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे, घरात सासूबाईसुद्धा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड, पण त्यांची भिंत हलली असं कुणी ऐकलं नव्हतं. आता पाठ वाकली होती. हातांची बोटं मात्र अजून पकडीसारखी. बोलणं थोडं, आणि जे बोलतील ते शेवटचं.

टेकडीवर त्यांच्या भिंतीच्या आत जे होतं त्याला घरात वरचं रान म्हणायचे. सून या घरात आली तेव्हा तिथे दगड आणि काटेरी झुडपं होती. तिने माहेराहून अंजिराच्या फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या आणि वर जाऊन लावल्या. नवरा हसला. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मिस्त्रींनी मात्र त्याच वर्षी वरची भिंत पुरी केली, म्हणजे कुणाची गुरं आत शिरायला नकोत. फांद्यांची झाडं झाली, झाडांची बाग झाली. कुठलं झाड आधी पिकतं, कुठल्याला मुंग्या लागतात, कुठलं नुसती पानं वाढवून आळशीपणा करतं, हे तिला तोंडपाठ होतं. कागदोपत्री रान मिस्त्रींचं होतं. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं.

पिकलेलं अंजीर कुणाच्या अडचणीसाठी थांबत नाही. आज काढलं नाही तर उद्या पाखरं खातात, परवा मुंग्या. खेचर गेल्यापासून सून सकाळी फळं तोडायची आणि डोक्यावर चुंबळ ठेवून एकेक क्रेट खाली आणायची. वाट दगडांची, भिंतीच्या आतच एका ठिकाणी टेकडीच्या कुशीतून तिरपी जाणारी. तिथे पाय घसरला की माणूस गडगडत थेट ओढ्यात. ट्रॅक्टर त्या वाटेला फिरकत नसे. नवरा दूध डेअरीचा टँकर चालवायचा. दुपारी घरी आला की न जेवता वर जायचा आणि उरलेले क्रेट उतरवायचा. तरी निम्मी फळं झाडावरच राहायची. सुनेची मान आखडली होती, गुडघ्यात कळ यायची आणि अंजिराच्या चिकाने बोटांच्या बेचक्यांतली साल निघाली होती. मीठ लागलं की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून ती डाव्या हाताने भाजी ढवळायची.

अशातच शेजारचा ट्रॅक्टरवाला आला. खाली सपाटीवर त्याची मोठी शेती, हाताखाली माणसं. ओट्यावर बसला, सुनेने दिलेलं पाणी तिच्याकडे न बघता प्यायला आणि मिस्त्रींना म्हणाला, "वरचं रान मला वाट्याने द्या. माणसं माझी, मेहनत माझी, निम्मा माल तुमच्या दारात आणून टाकतो. सूनबाईंनी किती दिवस हमाली करायची? घरात सुखाने राहू द्या त्यांना."

सून रिकामा तांब्या हातात धरून तिथेच उभी होती. तिच्या सुखाचा विचार चालला होता आणि तिला कुणी विचारत नव्हतं. मिस्त्रींनी समोरच्या टेकडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाजाराच्या दिवशी सांगतो."

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. झाडं तिने वाढवली होती, पोटच्या पोरांसारखी म्हणायलाही हरकत नव्हती. दुसऱ्याची माणसं येणार, फांद्या ओरबाडणार, कच्चं-पक्कं एकत्र भरणार, आणि आपण दारात बसून निम्मा माल मोजून घ्यायचा! संताप इतका आला की मान दुखायची थांबली.

"बाबा," ती पान वाढताना म्हणाली, "पलीकडच्या टेकडीवर विजेचे खांब रोवायला आली होती ती माणसं कसल्या गाडीतून वर जायची?"

नवऱ्याचे डोळे चमकले. त्याला ती गाडी माहीत होती. चार जाड चाकं, पुढे दोन माणसं शेजारी-शेजारी बसतील अशी जागा, मोटारीसारखं स्टिअरिंग, डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि मागे छोटासा हौदा. कंपनीने तिला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याची बग्गी केली आणि विषय मिटवला. नवरा मोबाइलवर व्हिडिओ दाखवायला लागला. वाळूच्या डोंगरावरून बग्ग्या उड्या मारत होत्या.

"बघ, उडते!" तो म्हणाला.

"आपल्याला उडायचं नाही, उतरायचं आहे," सून म्हणाली. "आणि तेही अंजिरं घेऊन."

पैशाची सोय होती. नवऱ्याने इतकी वर्षं पानतंबाखूही न खाता पैसे जमवले होते. प्रश्न मिस्त्रींना पटण्याचा होता. त्यांनी ताट बाजूला सारलं, हात धुतले आणि म्हणाले, "आणू दे दारात. काम करून दाखवलं तर बघू." या घराची रीतच तशी. खेचर असो, पहार असो की सून, काम बघितल्याशिवाय मिस्त्रींनी कुणाला चांगलं म्हटलं नव्हतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी शोरूमवाला ट्रकमध्ये दोन बग्ग्या घालून घेऊन आला. तरुण, गोड बोलणारा, आणि कामाचा पक्का. एक बग्गी हिरवी, अंगाने अरुंद, चपळ. दुसरी पिवळी, रुंद, बुटकी, डिझेलवर चालणारी. म्हशीसारखी जागच्या जागी घुरघुरत उभी राहिली. सासूबाईंनी दोघींभोवती फेरी मारली आणि म्हणाल्या, "हिरवी दिसायला बरी आहे. पिवळी संसार करील."

"आई, आपण गाडी बघतोय, मुलगी नाही," मुलगा म्हणाला.

"मुलगी बघताना म्हणाला होतास, आपण मुलगी बघतोय, खेचर नाही."

शोरूमवाला सगळं नीट समजावत होता. चिखलात चारही चाकांना जोर कसा द्यायचा, उतारावर गिअर कुठला, पट्टा का बांधायचा. "आणि कलंडते असं वाटलं तर हात बाहेर काढायचा नाही, स्टिअरिंग उताराकडे वळवायचं. चढाकडे वळवलं की संपलं." सून लक्ष देऊन ऐकत होती. माहेरी ती वडिलांचा ट्रॅक्टर चालवायची. लग्नानंतर स्टिअरिंग हातात आलं नव्हतं, पण हात विसरले नव्हते.

पिवळी आत जाऊ शकली नाही. रानाच्या फाटकाशी येऊन अडली. फाटक म्हणजे भिंतीत ठेवलेली वाट, दोन्ही बाजूंना उभे रोवलेले कातळाचे खांब. मिस्त्रींनी ते खेचराच्या मापाने रोवले होते. दोन्ही अंगांना ओझं लादलेलं खेचर जेमतेम निघेल आणि शिंगं असलेलं जनावर अडेल इतकं माप. लांबलांबचे गवंडी ते खांब बघायला आले होते. पिवळीचं नाक आत गेलं, चाकं बाहेर राहिली. मिस्त्रींनी खांबावर हात ठेवला आणि म्हणाले, "ही नको." झालं, पिवळी बाद.

हिरवी मात्र सुईत दोरा ओवावा तशी आत गेली. सुनेने आपल्या पद्धतीने परीक्षा घेतली. अगदी पिकलेली, देठाशी मधाचा थेंब आलेली अंजिरं एका क्रेटमध्ये भरली आणि स्वतः चालवत खाली आणली. तिरप्या वाटेवरून गाडी झरकन निघाली. खाली येऊन तिने एकेक फळ उलटून पाहिलं. एकाचीही साल फाटली नव्हती. तिला इतका आनंद झाला की तिने तिथल्या तिथे एक अंजीर शोरूमवाल्याला आणि एक सासूबाईंना दिलं.

"आता भरून बघू," मिस्त्री म्हणाले.

आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली. माल लादणं हा मिस्त्रींचा हातखंडा. जन्मभर खेचर लादलेलं. दोन्ही अंगांना सारखं वजन, मधे उंच रास, आणि वर त्यांची ती गाठ, जी कधी सुटली नाही. त्यांनी हौदा भरला, हौद्याच्या वर थर चढवले, पिंजऱ्याच्या उंचीपर्यंत नेले आणि दोन क्रेट दोन्ही बाजूंना बाहेर टांगले. सून दोराचं दुसरं टोक धरून ओढत होती. तिलाही यात काही वावगं वाटलं नाही. तीही याच घरात लादायला शिकली होती.

"बाबा, हौद्याच्या कडेपेक्षा उंच नको," शोरूमवाला म्हणाला. "गाडी डोक्यात जड होते."

"दोन्ही बाजू सारख्या आहेत की नाहीत?"

"आहेत, पण..."

"मग झालं तर. तुझ्या जन्माआधीपासून लादतोय मी."

मिस्त्री सुनेच्या शेजारी बसले. सासरा आणि सून खांद्याला खांदा लावून बसायची ही पहिलीच वेळ. दोघंही अंग चोरून, समोर बघत बसले. पट्टा बांधताना मिस्त्री कुरकुरले, "चोराला नेतात तसं बांधून कुठे नेता?"

खेचराला उंच ओझं चालतं, कारण ते चालता चालता कूस बदलतं, पाय चाचपून टाकतं. लोखंडाला कुठली आलीय कूस? तिरप्या वाटेवर येताच हिरवीचं अंग खालच्या बाजूला झुकलं. आधी थोडं, मग जास्त. वरच्या अंगाची चाकं जमिनीवरून सुटली हे सुनेला बसल्या जागी कळलं. स्टिअरिंग एकदम हलकं झालं. डावीकडे खोल ओढा दिसला. सगळं अंग म्हणत होतं, चढाकडे वळ, चढाकडे. तिने दात आवळले आणि स्टिअरिंग उताराकडे टाकलं.

बग्गी सरळ खाली धावली, झुडपांतून, दगडांवरून. दोर तुटला नाही, पण क्रेटच फुटले. अंजिरांचा पाऊस पडला. बग्गी धडपडत चारही चाकांवर आली आणि एका बुंध्याला नाक लावून थांबली.

सुनेचे हात स्टिअरिंगला चिकटल्यासारखे झाले होते, सोडवता येईनात. शेजारी मिस्त्री पुतळ्यासारखे बसले होते. टोपी गेलेली, पांढऱ्या सदऱ्यावर फळांचा रेंदा, आणि सवयीने भार सावरायला बाहेर काढलेला हात मनगटापासून खरचटलेला. पट्टा नसता तर माणूस ओढ्यात होता. वरून नवरा हाका मारत पळत येत होता, मागून शोरूमवाला, त्याच्याही मागून सासूबाई चपला हातात घेऊन.

शोरूमवाला "मी सांगत होतो" असं म्हणाला नाही. त्याने आधी मिस्त्रींचा पट्टा सोडला आणि हाताला रुमाल गुंडाळला. तेच मिस्त्रींना जास्त लागलं. खाली बघत ते म्हणाले, "बस्स झालं. रान देऊन टाकू."

"नाही बाबा."

या घरात मिस्त्रींना कुणी नाही म्हणत नसे. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिचा आवाज निघाला तो खणखणीत. "गाडीचं काही चुकलं नाही. खेचरासारखं लादलं ते आपण दोघांनी. दोर मीही ओढला. आता ती पिवळी आणा, मला चालवून बघायची आहे."

भिंतीच्या बाहेर तसाच तिरपा उतार होता. क्रेटमध्ये दगड भरले आणि हौद्यात एकच थर लावला, कडेच्या खाली. शोरूमवाला शेजारी बसला. पिवळी सावकाश निघाली. झुकली, पण चाक एकही उचललं नाही. सुनेने परत फेरी मारली, मग मुद्दाम दगडांवरून नेली. मग म्हणाली, "आता थोडं जास्त लादा." लादलं. पिवळी घुरघुरली आणि गेली. शेवटी तिने शिल्लक राहिलेली अंजिरं ठेवून बघितली. हिरवीपेक्षा वेळ जास्त लागला, फळं मात्र जशीच्या तशी.

"हीच," सून म्हणाली.

सगळ्यांनी फाटकाकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "मग भिंतीचं जरा..." सासूबाईंनी त्याला कोपराने ढोसलं. मिस्त्री उठले आणि खरचटलेला हात छातीशी धरून एकटेच घराकडे चालायला लागले.

संध्याकाळी नवऱ्याने समजूत घातली. "हिरवी घेऊ. कमी लादायचं, संपलं. फाटकावरून बाबांशी कोण भांडणार?"

"हिरवीत मी कमी लादेन," ती म्हणाली, "रोज लादेन. पण एखाद्या दिवशी उशीर झालेला असेल, आभाळ भरून आलेलं असेल, तेव्हा दोन क्रेट जास्त टाकीनच. मी स्वतःला ओळखते. गाडी अशी हवी की माझी चूक तिला झेपली पाहिजे. पुढच्या वेळी शेजारी बाबा असतील नाहीतर तुम्ही असाल."

नवऱ्याने तिच्या बोटांना खोबरेल तेल लावून दिलं, आणि हे त्याने लग्नानंतर पहिल्यांदाच केलं.

बाजाराच्या दिवशी उजाडताच तिने पहार खांद्यावर टाकली आणि टेकडी चढली. परवानगी मागितली तर नाही ऐकावं लागेल, आणि नाही ऐकल्यावर हात लावता येणार नाही. म्हणून विचारलंच नाही. फाटकाशी उभी राहिली तेव्हा मात्र खांबांना हात लावायचा धीर होईना. शेवटी तिने खांबाच्या बाजूला, भिंतीच्या मधोमध पहारीचं टोक खुपसलं आणि जोर लावला. दगड जागचा हलला नाही. पुन्हा लावला. मान दुखली, दगड तसाच.

"असं काढायला ती काय दाढ आहे?"

मिस्त्री मागे उभे होते. हाताला फडकं बांधलेलं, खांद्यावर हातोडा. वाट चढून आल्याने धापा टाकत होते. आता काय होणार म्हणून तिने पहार खाली टेकवली.

"मधला काढलास तर वरचे सगळे अंगावर येतील," ते म्हणाले. "वरून काढायचे. काढले त्या ओळीने खाली मांडायचे, म्हणजे पुन्हा रचताना शोधावे लागत नाहीत. हो बाजूला."

त्यांनी माथ्यावरचा पहिला दगड दोन्ही हातांनी हलवला, उचलला आणि क्षणभर हातातच धरून ठेवला. मग तिच्याकडे दिला. तिने तो गवतावर ठेवला. दुसरा आला, तिसरा आला. खालच्या ओळीतला एक जड होता. तो दोघांनी मिळून उतरवला, आणि आज दोघांपैकी कुणीही अंग चोरलं नाही. ऊन वर आलं. मिस्त्रींच्या फडक्यातून रक्त पाझरायला लागलं तसं ती म्हणाली, "बाबा, जरा बसा."

"पिवळी केवढी रुंद आहे?"

तिने पदराचं टोक सोडवून एक दोरी काढली. आदल्या दिवशीच मापून गाठ मारून ठेवली होती. मिस्त्रींनी दोरी जमिनीवर ताणली, तिच्या पुढे आणखी एक हात मोजला आणि तिथे दगडाने खूण केली.

"इतकं कशाला?" तिने विचारलं.

"गाडी येत असली तर शेजारून माणूस निघायला नको?"

तेवढ्यात खालून ट्रॅक्टरवाला वर आला. बाजाराला निघाला होता, अंगात धुतलेला सदरा. पडलेली भिंत बघून जागीच थांबला. या भिंतीचा दगड निघेल, आणि तोही मिस्त्रींच्या हाताने, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. सुनेला ओलांडून तो मिस्त्रींसमोर उभा राहिला.

"मिस्त्री, आज सांगणार होतात. रानाचं काय ठरलं?"

मिस्त्री खांबाच्या बुडाची माती उकरत होते. मान वर न करता म्हणाले, "मला भिंतीचं विचार. रानाचं तिला विचार."

ट्रॅक्टरवाला हसला. थट्टा असेल असं त्याला वाटलं. मिस्त्री हसले नाहीत. मग त्याला वळावं लागलं. त्याने सुनेकडे पाहिलं, मातीने भरलेल्या तिच्या हातांकडे पाहिलं, घसा साफ केला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलला. "मग वहिनी... काय म्हणता?"

तिला एकदम भरून आलं. झाडं समोर उभी होती, तिची स्वतःची. डोळे पुसायला हात स्वच्छ नव्हते, म्हणून तिने ते वाहू दिले.

"वाट्याने द्यायचं नाही," ती म्हणाली. "पण बग्गी आली की माल खालपर्यंत मी आणीन. पुढे बाजारापर्यंत तुमचा ट्रॅक्टर लागेल. भाडं काय घ्याल ते आजच सांगा. मागाहून वाढवायचं नाही."

ट्रॅक्टरवाल्याने मिस्त्रींकडे पाहिलं, पण मिस्त्री वाकून खांबाला पहार लावत होते.

"पोरी," ते म्हणाले, "त्याच्याशी सावकाश बोल. आधी इकडे ये आणि खांब धर. एकट्याने नाही पेलायचा हा."